तिसऱ्या अंकाच्या पिना

मित्रांनो, मी एक जुना स्टेपलर आहे. तुमच्या कंपासपेटीत मावतो तसला चिमुकला नव्हे, चांगला हातभर लांब मानेचा, पुस्तिकेच्या बरोबर मधल्या घडीत पिना मारणारा. माझा हिरवा रंग उडाला आहे आणि स्वभाव जरा चावरा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. वेंधळेपणाने बोट मध्ये घातलेत तर मी सोडत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. कळायला लागले तेव्हा मी कर्नाटकातल्या भालकीत श्रीपतरावांच्या छापखान्यात होतो. जत्रेची पत्रके, पावतीपुस्तके, बसवजयंतीला वाटायच्या वचनांच्या पुस्तिका, सगळे माझ्या दाताखालून जायचे. श्रीपतराव गिऱ्हाइकापुढे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "स्टेपलर न्हाई ह्यो, बैल हाय बैल!" तेव्हा मी असा फुगायचो की विचारू नका.

पुढे छपाई सगळी मोठ्या शहरातून होऊन यायला लागली आणि छापखाना बंद पडला. मी एका पंख्याच्या मोडक्या पात्यांखाली कितीतरी पावसाळे गंजत पडलो. कुणी ढुंकून पाहिले नाही. खोटे कशाला सांगू, फार वाईट वाटायचे. शेवटी जागा रिकामी करताना श्रीपतरावांनी मला एका ओळखीच्या प्राध्यापकांच्या हाती दिले. "घिऊन जा सर, रद्दीत घालायला जीव होईना," असे म्हणाले आणि तोंड फिरवले.

ते प्राध्यापक म्हणजे गुरुपादय्या सर. कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. माणसाच्या मनात काय चालते त्याचा अभ्यास म्हणजे मानसशास्त्र, हे मला त्यांच्या टेबलावर बसून बसून कळले. त्यांच्या वर्गातली बी.ए.ची मुले दरवर्षी एक संशोधनाचे नियतकालिक काढतात. गावोगाव जाऊन लोकांशी बोलतात, लेख लिहितात, एकमेकांचे लेख लेखकाचे नाव झाकून तपासतात आणि अंक स्वतःच छापतात. पिना मारायचे काम माझे. मला तेल मिळाले, नवी स्प्रिंग मिळाली आणि माझी ऐट परत आली.

आता तिसऱ्या अंकाची गोष्ट ऐका. त्या वर्षी संपादक होती चैत्रा. मोठी कडक मुलगी! एखादा आकडा चुकला तर लेखकाला रडवायची. त्या अंकातला सगळ्यात चांगला लेख नेत्रावतीचा होता. नवरा गेल्यावर बायका एकटेपणा कसा सोसतात, यावर. पिना मारायच्या दुसऱ्याच दिवशी प्रकाशनाला कडगंचीच्या विद्यापीठातून मंजुश्री मॅडम यायच्या होत्या आणि नेत्रावतीला एम.ए.ला तिथेच जायचे होते. मॅडमनी आपला लेख वाचावा म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती. चैत्राने तिचा लेख बरोबर मधोमध घातला. मधली पाने म्हणजे अंकातली मानाची जागा.

सकाळपासून मी खटाखट पिना मारत होतो. प्रती मोजून बांधायला प्रभुलिंग होता. हा खटकचिंचोळी गावचा, हातापायाने चपळ आणि जिभेने त्याहून चपळ. त्याने लेख आधी वाचलेले नव्हते. सहज एक प्रत उघडली, वाचायला लागला आणि खो खो हसला.

"अगं नेत्रा, ही तर आमची भागम्मा अक्का! संध्याकाळी गिरणी मोकळीच फिरवायली व्हय ती? आमाला वाटायचं, लई दळण आलंय!"

नेत्रावतीचा चेहरा पांढराफटक पडला.

झाले होते असे. नेत्रावतीची मावशी खटकचिंचोळीत राहते, म्हणून भागम्मा तिच्या ओळखीची. भागम्माचा नवरा पिठाची गिरणी चालवायचा. तो गेल्यावर ती स्वतः चालवायला लागली. दिवे लागले की घरातली शांतता तिला खायला उठते. मग ती दगड वर उचलून, धान्य न टाकता, नुसती गिरणी चालू ठेवते आणि तिच्या घरघरीत नवऱ्याशी बोलत बसते. हे तिने पोरांना सांगितले नव्हते, सुनांना नव्हते. नेत्रावतीला सांगितले आणि म्हणाली, "गावात कळू दिऊ नको गं. येडी म्हणतील मला."

नेत्रावतीने नाव बदलले होते. गावाचे नाव काढून टाकले होते. ज्यांनी लेख तपासला ती मुले बिदरची आणि कलबुर्गीची, त्यांना काय कळणार? पण गिरणी चालवणारी विधवा बाई त्या गावात एकच. नाव बदलले म्हणून गाव थोडेच फसते? आणि अंकाच्या प्रती तर गावोगावच्या वाचनालयांत जायच्या होत्या.

चैत्रा म्हणाली, "तिनं संमतीची सही केलीया. नाव बदललंय. नियमानं सगळं बरोबर हाय. आता कामून रडायलीस?"

"नियमानं बरोबर हाय गं," नेत्रावती म्हणाली, "पर उद्या दळण टाकायला आलेलं माणूस तिच्या तोंडाकडं बघून हसंल. ह्यो हसला न्हाई का आत्ता?"

प्रभुलिंगने मान खाली घातली. चैत्रा सरांकडे धावली. सर एवढेच म्हणाले, "अंक तुमचा आहे. पण ज्या बाईची गोष्ट आहे, तिला विचारलंत का?"

दुपारच्या बसने नेत्रावती आणि प्रभुलिंग खटकचिंचोळीला गेले. मी टेबलावर अर्धवट भरलेल्या पिना घेऊन बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, ती हो म्हणू दे रे देवा! लेख चांगला होता. मुलगी गुणाची होती. शिवाय मारलेल्या पिना उपसणे म्हणजे माझे नाक कापणेच की!

ते परत आले तेव्हा ऊन कलले होते. चैत्राने विचारले, "काय म्हणली?"

नेत्रावतीने सांगितले. भागम्माने तिच्याकडून सगळा लेख वाचून घेतला होता. लेख कन्नडमध्ये होता, तिला नीट समजला. ऐकून म्हणाली, "चांगलं लिवलंस, पोरी. पर म्या तुला सांगितलं व्हतं, कागदाला न्हाई."

मग नेत्रावतीने भागम्माला न लपवता तेही सांगितले होते, की प्रभुलिंगला कळले आहे. प्रभुलिंगने कान धरले. भागम्माने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "कळालंच हाय तर घडीभर बसत जा की रे भाड्या. नुस्तं दळण टाकून पळतोस."

चैत्राचे वर्षभराचे कष्ट त्या अंकात होते. मग तिने ओठ घट्ट मिटले, एक प्रत ओढली आणि नखाने माझी पहिली पिन उचकटली.

मित्रांनो, मला फार राग आला. पण त्या तिघांची बोटे पाहिली आणि राग कुठल्या कुठे गेला. पिना टोचून बोटांतून रक्त येत होते, तरी एक प्रत त्यांनी सोडली नाही. मधली पाने काढली, फाडली, अनुक्रमणिकेतल्या नेत्रावतीच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली आणि उरलेला बारका अंक पुन्हा माझ्यापुढे धरला. मी पुन्हा पिना मारल्या. त्या दिवशी मी एकालाही चावलो नाही.

प्रकाशन आमच्याच वर्गात झाले. भाषणे झाली, चहा आला. मंजुश्री मॅडम अंक चाळत होत्या. विसाव्या पानानंतर एकदम एकोणतिसावे पान आले. त्यांनी चष्मा वर केला.

"मधली पानं कुठे गेली?"

चैत्रा काही बोलायच्या आधी चहाचा ट्रे धरलेली नेत्रावती म्हणाली, "मॅडम, ती एका बाईच्या मनातली गोष्ट व्हती. तिनं परत मागितली, म्हणून दिली."

"लेख कुणाचा होता?"

"माझा."

"अरेरे! मग वर्षभर राबून तुम्हाला काय मिळालं?"

नेत्रावतीचे डोळे भरून आले होते, पण ती हसली. "दर शनिवारी संध्याकाळी ये म्हणलीया. वही आणि मोबाइल घरी ठिवून."

मॅडमनी अंक मिटला आणि तिच्या हातातला ट्रे आपल्या हातात घेतला.

मित्रांनो, मी लोखंडाचा. पिना मारता येतात, पण त्या मारायच्या की नाही हे मला ठरवता येत नाही. ते तुम्हाला ठरवता येते. कुणी विश्वासाने तुमच्यापाशी मन मोकळे केले, तर ते छापण्याआधी, अहो छापणे राहू द्या, मोबाइलवर चौघांना पाठवण्याआधी, त्याच्या दारात जाऊन एकदा विचारा. नाही म्हणाले तर तोंड वाकडे न करता परत द्या. आमच्या तिसऱ्या अंकाच्या प्रत्येक प्रतीला मधल्या घडीत जास्तीची भोके आहेत. लोकांना वाटते, म्हातारा स्टेपलर चुकला. वाटू द्या. मी आयुष्यात पुष्कळ पुस्तिका शिवल्या, पण कुणी विचारले तर मी तीच भोके दाखवतो.