यादीच्या दारातली पेटी

मित्रांनो, नोंदणी कार्यालयात जिन्याखाली एक लाकडी पेटी उभी आहे. हल्ली तिच्यावर ओली फडकी वाळत घालतात. तीच मी. मतदार यादीत नाव घाला म्हणून लोक जे अर्ज करत, ते सारे आधी माझ्या पोटात यायचे.

एका सुताराने मोडक्या बाकांच्या फळ्या जोडून मला घडवले. माझ्या तोंडाची कड त्याने दोनदा तासली. घाईत कोणाचे बोट सोलवटू नये, एवढीच त्याची काळजी.

मग चाळीस वर्षे गेली. अर्ज आले शाईचे, अर्ज आले घामाचे. कोणी नाव गिरवले, कोणी अंगठा टेकवला. टेबलामागच्या कारकुनाला सगळे ‘चष्मे’ म्हणत. ते मान वर न करता ओरडायचे, “सही करा, पेटीत टाका, निघा!” ही ओळ गल्लीतल्या लहान मुलांनाही पाठ होती.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीने सात वेळा अर्ज टाकला. सातही वेळा तो परत गेला. भाड्याची खोली, बदलते मालक, पत्ता काही जुळत नव्हता.

“दादा, अख्ख्या गल्लीचे सदरे माझ्या हाताखालून जातात,” ती म्हणायची. “गल्ली मला ओळखते, यादी का नाही ओळखत?”

“मावशी, यादी सदरा घालत नाही ना!” चष्मे म्हणायचे. दोघे हसायचे आणि ती नवा कोरा अर्ज मागायची.

एके दिवशी एक अभ्यासक ताई आल्या. त्यांना एक प्रयोग करून पाहायचा होता. आधी आमच्या या एका वस्तीतल्या सगळ्यांची नावे सरकारी कागदांवरून आपोआप यादीत चढवायची. ज्याला नको असेल, त्यानेच चिठ्ठीवर सही करून कळवायचे. चिठ्ठ्या थोड्या आल्या, तर हीच रीत शहरभर लागू होणार होती.

“आता कोणी हेलपाटे घालायला नको,” ताई उजळून म्हणाल्या. “नुसतं गप्प बसलं तरी नाव लागेल.”

“गप्प बसून काही मिळतं, हे आमच्या लोकांना माहीतच नाही, ताई,” चष्मे म्हणाले.

ताई हसल्या. त्यांनी ते लिहून घेतले नाही. कोणी कोणाला भरीस घालू नये म्हणून पेटीजवळ बोलायला बंदी केली आणि चष्म्यांची खुर्ची आतल्या खोलीत हलवली.

नकाराच्या त्या चिठ्ठ्या पत्रासारख्या घरोघर गेल्या. वर बारीक अक्षरांत लांबलचक मजकूर, खाली सहीची जागा. दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर रांग लागली.

रांगेत इस्त्रीवाली होती. तिने चिठ्ठीला इस्त्री केली होती. एकही चुणी नाही, आणि कागद अजून कोमट. सावकाश, एकेक अक्षर जपत तिने सही केली.

“या खेपेला कागद आपल्या पायांनी घरी आला,” ती मागच्या बाईला कुजबुजली. “म्हणजे काम झालंच समज.”

मित्रांनो, मी लाकडाची. मला ओठ मिटता आले नाहीत.

दीड महिन्याने कुलूप उघडले. दोन हजार घरांतून अकराशे चिठ्ठ्या निघाल्या. ताईंनी त्या पुन्हा एकदा मोजल्या. चष्म्यांनी ढिगातून तो गुळगुळीत कागद उचलला.

“ही मावशी नको म्हणणारी नाही हो, ताई. सात अर्ज केलेत तिने.”

“मला पटतंय, दादा. पण खाली सही आहे. आणि सही का केली, ते लिहायला मी जागाच ठेवली नव्हती.”

घरोघर जाऊन पुन्हा विचारू द्या, असे ताईंनी तीनदा लिहून मागितले. वरून उत्तर आले: लोकांनी स्वखुशीने नकार दिला आहे, अभ्यास संपला. ज्यांनी सही केली, त्यांचा अर्ज पाच वर्षे घेऊ नये, असा नियमही सोबत आला. ताईंची बदली झाली. मला जिन्याखाली सरकवले.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे होऊन माणसे मोजाल. कागद मोजून झाले, तरी एकदा त्या माणसाच्या दारात जा, “तुला काय हवं होतं?” असे विचारा. माझ्या सांगण्याने यादीत एक नावही वाढणार नाही, हे मला कळते. पण अकराशे जणांचा होकार मी नकार म्हणून सांभाळला. तो कोणाला तरी सांगावाच लागतो.

मतदानाच्या दिवशी सकाळी इस्त्रीवाली आली. अंगावर धुतलेले, कडक इस्त्रीचे लुगडे. चष्म्यांनी तिला खुर्ची दिली आणि सगळे समजावून सांगितले.

“म्हणजे नको, असं मीच म्हटलं?”

“हो, मावशी.”

तिने पदराला हात पुसले. मग टेबलावरचे पेन उचलून तिने विचारले, “बरं. मग आता सही कुठे करू?”