वर गेलेला थेंब

खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावलेल्या पारदर्शक पिशवीत तळाशी बोटभर निळं पाणी होतं, आणि पिशवीच्या वरच्या भागात आतून थेंब धरले होते. ते थेंब निळे नव्हते. कडेचे बारीक, मधले जरा मोठे, पण सगळे स्वच्छ, बिनरंगाचे. एखादा थेंब शेजारच्याला मिळाला की जड व्हायचा, वाकडीतिकडी रेघ ओढत खाली उतरायचा आणि निळ्यात पोचला की निळा व्हायचा.

सकाळी वर्गाचं कुलूप काढलं की बाई आधी हे बघत. पाणी वर जातं, रंग खालीच राहतो. बाईंनी रसायनशास्त्रात पदवी घेतली होती, आणि पिशवीतली ही गोष्ट त्यांना सगळ्यात सुंदर वाटायची. पण दुसरीच्या मुलांसाठी बसवलेल्या थीममध्ये तिला जागा मिळाली नव्हती. त्यावर गाणं जमत नव्हतं.

थीमचं नाव 'थेंबूचा प्रवास'. छताला दोऱ्यांनी कापसाचे ढग टांगलेले, बाकांच्या मधून निळ्या कापडाची नदी, दारावर पिवळ्या कागदाचा सूर्य. थेंबू म्हणजे कार्डशीटचा, मोठ्या डोळ्यांचा थेंब. त्याची आई ढगात राहते. उन्हात खेळता खेळता त्याला घरची आठवण येते आणि तो वर जातो. आईकडे खाऊन पिऊन जड होतो आणि परत खाली येतो. वर्गात गडबड झाली की बाई टाळी वाजवून विचारत, "वर गेला?" आणि सगळा वर्ग ओरडायचा, "परत आला!" शेजारच्या वर्गातली मुलंही भिंतीपलीकडून ओरडायला लागली होती.

थेंबूचे डोळे बाईंच्या नवऱ्याने कापले होते. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं त्याचं काम, त्यामुळे गोल आकारावर हात बसलेला. जेवणाच्या टेबलावर कात्री चालवताना त्याने विचारलं होतं, "वाफेला घरची आठवण येते, हे तुला पदवीला होतं का गं?"

"सात वर्षांच्या मुलांना रेणू कसे सांगू?"

"मला सांग की. माझं वय वाढलंय, अक्कल तेवढीच आहे."

बाई हसल्या. "गोष्टीतून सांगितलं की लक्षात राहतं."

"राहतं ना," तो डोळा कापत म्हणाला. "तेच म्हणतोय मी."

वर्गात मिरी नावाने ओळखली जाणारी एक मुलगी होती. हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं, कारण दिसायला एवढीशी, पण तोंड उघडलं की झोंबायची. शाळा सुटायच्या वेळी आजोबा फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसलेले असत. ऊन असो नसो, मनगटावर छत्री अडकवलेली. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा बाक रिकामा होता. मिरीची आई लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची; ती कामावरून धावतपळत मुलीला न्यायला आली आणि बाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "माझे वडील गेले, बाई. हिला एवढंच सांगितलंय की आजोबा वर गेले. त्याच्यापुढे मला बोलवतच नाही."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत थेंबू वर्गात आला. दोन्हीकडे शब्द एकच होता, आणि तो रोज टाळी वाजवून वदवून घेताना बाईंच्या ते ध्यानातही आलं नाही.

मिरी रोज सगळ्यांच्या आधी येऊन पिशवीसमोर उभी राहायची. एकदा तिने विचारलं, "बाई, हा काल वर गेलेलाच आहे?"

"हो."

"तोच? दुसरा नाही?"

तोच की दुसरा, ते कुणालाच सांगता येणार नाही, हे बाईंना माहीत होतं. पण घंटा होत होती. "तोच," त्या म्हणाल्या.

"मग निळा का नाही राहिला?"

"रंग वर जात नाही. तो इथेच राहतो."

मिरीने थोडा विचार केला. "आणि कपडे?"

"कसले कपडे?"

"काही नाही," म्हणून ती जागेवर जाऊन बसली. बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात मुलांना चित्राचा कागद दिला होता: थेंबूला ढगात कोण भेटलं? कुणी विमान काढलं, कुणी घार. एकाने म्हैस काढली होती आणि ती तिथे कशी पोचली असं विचारल्यावर "तिला येतं," एवढंच उत्तर दिलं. कागद गोळा करताना मिरीचं चित्र वर आलं. ढगावर एक म्हातारा बसला होता, चष्मा घातलेला, मनगटावर छत्री, अंगात शर्ट नाही. खाली तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: आजोबा वर गेले. जड झाले की परत येतील.

मिरी कशाची वाट बघतेय, ते बाईंना एकदम कळलं. मुलीने एकही पायरी चुकवली नव्हती. बाईंनी शिकवलं होतं तसंच तिने मांडलं होतं, आणि उत्तर बरोबर काढलं होतं.

उद्या सकाळीच तिच्या आईशी बोलायचं, मग तिच्याशी, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आत आल्या. थेंबूच्या साहित्याचा संच बनवून दुसऱ्या शाळांना पाठवायचा होता, त्याआधी तिथल्या शिक्षकांना बोलावून वर्गात प्रात्यक्षिक करायचं होतं, आणि संचाच्या खोक्यावर छापायला एखादं चित्र त्या शोधत होत्या. त्यांनी गठ्ठा चाळला आणि मिरीच्या कागदाशी थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, हे बघा तरी! हेच छापायचं. शंभर भाषणं एकीकडे आणि हे एकीकडे."

"तिचे आजोबा खरोखरच..." बाई म्हणाल्या.

"माहितीये मला. म्हणून तर किती गोड आहे! मुलांच्या दुःखापर्यंत पोचली आपली थीम." त्यांनी कागद छातीशी धरला. "छान आहे ना?"

"हो," बाई म्हणाल्या, "छान आहे." आपला आवाज नेहमीसारखाच निघाला, याची त्यांना नंतर कितीतरी वेळ लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मिरीची आई फाटकाशी भेटली, तेव्हा बोलायचं वाक्य बाईंनी मनात तयार केलं होतं. पण तीच आधी बोलायला लागली.

"तुमचे उपकार आहेत बाई. मधे पोर जेवायची नाही, रात्री उठून बसायची. आता कशी शहाण्यासारखी झोपते. शाळेत जादूबिदू करता की काय?" ती हसत होती. "फक्त एक खूळ घेतलंय डोक्यात. बाबांचा शर्ट खुंटीवरून काढू देत नाही. लागेल म्हणते. बरं, चुरगळलेला चालत नाही! दिवसभर लोकांचे शर्ट इस्त्री करून घरी जावं, तर ही दारातच शर्ट घेऊन उभी."

हसता हसता तिने डोळ्यांच्या कडा पुसल्या. "कुणाला लागेल गं, म्हणून विचारलं तर म्हणते, बाईंना विचार. कुणाला हो, बाई?"

मिरी आईचं बोट धरून उभी होती आणि बाईंकडे मान वर करून बघत होती. ठरलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची की नाही हे विचारावं, तशी.

"मुलांच्या मनात काही ना काही चालू असतं," बाई म्हणाल्या.

घरी नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो खोक्यांसाठी थेंबू मोजून रबरात बांधत होता. "मग सांगून टाक ना तिला."

"प्रात्यक्षिक होऊ दे. मग सांगते."

"थांबायचं कुणासाठी?"

"तिच्यासाठीच. आत्ता कुठे जेवायला लागली आहे."

हातातला रबर त्याने सोडून ठेवला आणि पुढचा गठ्ठा बांधला नाही. बाईंनी तो स्वतः बांधला. त्यांचं उत्तर खोटं नव्हतं. नवरा उठून गेल्यावरही त्या ते उत्तर मनातल्या मनात तपासत राहिल्या. त्यात मिरी होती, तिचं जेवण होतं, झोप होती. शिवाय खोक्यावर छापलेलं चित्र होतं, खाली संकल्पना म्हणून छापलेलं स्वतःचं नाव होतं, आणि या दोन गोष्टी त्यांनी उत्तरात धरल्या नव्हत्या.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाहुणे शिक्षक मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. मुलांच्या कपाळावर थेंबूचे मुखवटे होते. सूर्य उगवला, नदी हलली, ढग दोऱ्यांवर गोल फिरले. बाईंनी टाळी वाजवली, "वर गेला?" आणि पाहुणेही हसत हसत ओरडले, "परत आला!"

"कुणाला काही विचारायचंय?" मोठ्या बाईंनी मुलांना विचारलं. हा प्रश्न ठरलेला होता. उत्तर देणारा मुलगाही ठरलेला होता. पण हात मिरीने वर केला.

"बाई, माणूस किती जड झाला की परत येतो?"

खुर्च्यांवर कौतुकाचं हसू पसरलं. "वा! काय प्रश्न आहे," कुणीतरी म्हणालं. एका जाड गृहस्थांनी पोटावर हात ठेवून म्हटलं, "मला तर आताच यायला हवं!" आणि सगळे खळखळून हसले. मिरी हसली नाही. ती बाईंकडे बघत होती.

बाईंना प्रश्न नीट कळला होता. वर्गात तो कळलेलं दुसरं कुणी नव्हतं. मोठ्या बाई मान हलवून त्यांना पुढे बोला म्हणून खुणावत होत्या, आणि खेळात थेंबूची आई बाई स्वतःच झाल्या होत्या, तिचा निळा पदर त्यांच्याच खांद्यावर होता.

"पुरेसा जड झाला की," त्या म्हणाल्या.

टाळ्या वाजल्या. मिरी खाली बसली. इतक्या मोठ्या माणसांदेखत पक्कं झाल्यावर तिला आणखी काही विचारायचं नव्हतं.

पाहुणे चहाला गेले. रिकाम्या वर्गात बाई ढग उतरवत होत्या. दाराशी खोक्यांची चळत होती आणि प्रत्येक खोक्यावर तोच म्हातारा तसाच उघड्या अंगाने बसला होता. आता त्यांना त्या शर्टाचा अर्थ लागला. रंग इथेच राहतो, असं त्यांनी सांगितलं होतं. मुलीने कपडे सांभाळून ठेवले होते, कारण येणाऱ्याला ते लागणार होते.

खिडकीतून फाटक दिसत होतं. शाळा केव्हाच सुटली होती. सिमेंटच्या बाकाच्या अगदी टोकाला मिरी बसली होती, बाकीची जागा मोकळी सोडून. मांडीवर घडी केलेला पांढरा शर्ट, बाजूला छत्री. तिची आई समोर उभी राहून तिचा हात ओढत होती, सोडत होती, परत ओढत होती.

बाईंनी खांद्यावरचा निळा पदर काढून खुर्चीवर टाकला.

"अहो, निघालात कुठे? फोटो राहिलाय," व्हरांड्यातून मोठ्या बाई म्हणाल्या.

"खोके आज पाठवू नका," बाई न थांबता म्हणाल्या.

"म्हणजे काय? अहो, बाई!"

बाई मैदान ओलांडून गेल्या. त्यांना बघून मिरीच्या आईचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं आलात. तुम्हीच सांगा हिला. आज दप्तरात चक्क शर्ट घालून आणलाय, घरी चल म्हटलं तर हलत नाही."

"बाईच म्हणाल्या," मिरी म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हणाल्या. जड झाले की येतात." तिने आभाळाकडे बोट केलं. "ते बघ केवढे ढग आलेत."

तिची आई हसायला गेली. मग तिचं लक्ष शर्टाकडे गेलं, तिथून आभाळाकडे, तिथून बाईंच्या चेहऱ्याकडे. तिच्या हातातून मुलीचा हात सुटला.

"हे तुम्ही शिकवलंत?" तिने हळू आवाजात विचारलं.

"हो."

"मी त्या दिवशी विचारलं तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो," बाई म्हणाल्या. मान खाली घालावीशी वाटली, पण त्यांनी ती घातली नाही. "मी सांगू का तिला? की तुम्ही सांगता?"

मिरीची आई बाकावर मधोमध बसली.

"आई, तिथे नको बसू!" मिरी ओरडली. "ती आजोबांची जागा आहे!"

आईने तिला जवळ ओढलं आणि बाईंकडे न बघता म्हणाली, "सांगा. पण आता गोष्टीतून नको."

बाई मातीत गुडघे टेकून बसल्या. मिरीचा चेहरा आता त्यांच्या चेहऱ्यासमोर होता, कपाळावर अजून थेंबूचा मुखवटा. त्यांनी तो अलगद काढला.

"मिरी, वर जातं आणि परत येतं ते पाणी. फक्त पाणी. आजोबा वर गेलेले नाहीत. ते मेले आहेत, आणि मेलेलं माणूस परत येत नाही. तुझे आजोबा येणार नाहीत, बाळा. मी तुला चुकीचं सांगितलं."