व्याह्यांचा जिताडा

हिरामणशेठनी फोनवर तुर्भ्याच्या विलासना सांगून टाकलं, "रविवारी जेवायलाच या. घरच्या तळ्यातला सहा किलोचा जिताडा तुमच्या पानात नाय पडला, तर नाव बदलीन!" फोन ठेवला आणि मग आठवलं, की सहा किलोचा जिताडा मासा तळ्यात एकच आहे, आणि तो लेकीचा आहे.

लेक म्हणजे भाविका. तिचंच लग्न विलासच्या मिथुनशी ठरत होतं. उलव्याची शेती इमारतींखाली गेली, खाडीकडेचं एक खारं तळं तेवढं राहिलं. मत्स्यशास्त्र शिकून आल्यावर भाविकाने त्यातलं अर्धं जाळी लावून स्वतःकडे घेतलं. जो मासा भराभर वाढतो, आजारी पडत नाही, तो निवडायचा, त्याचीच पिल्लं काढायची. म्हणजे खाडीतली पिल्लं ओरबाडून आणायला नको. एकेका माशाच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप, आणि वहीत सगळ्यांची कुळी लिहिलेली. भावाबहिणीची जोडी लावायची नाही, हा नियम हिरामणशेठना लगेच पटला. "आपल्यातबी एका देवकात सोयरीक होत नाय," असं म्हणून ते गावभर सांगत सुटले, की हे शास्त्र आमच्या आज्याला तोंडपाठ होतं.

पण जिताडा जन्मतो नर आणि मोठेपणी मादी होतो, हे ऐकल्यावर मात्र त्यांचा घास अडकला. त्या सहा किलोच्या माशाचं नाव त्यांनी कौतुकाने 'पैलवान' ठेवलं होतं.

"पैलवान बाई झाला?"

"मोठं झाल्यावर अक्कल आली असेल," त्यांची बायको गोजरा भाकरी थापता थापता म्हणाली. "सगल्यांना नाय येत."

शनिवारी तळ्याच्या बांधावर बापलेकीचं वाजलं.

"बाबा, पाच वर्षं निवडून निवडून ही एकच मादी हाती लागलीय. या पुनवेच्या भरतीला अंडी देईल. ती कापलीत तर मी पुन्हा पहिल्या पायरीवर."

"अगं, पन शबुद दिलाय! मोठा मासा पाव्हन्याचा, ही आपली रीत हाय. माझा बाप, माझा आजा..."

"तेच तर! मोठी झालेली एकेक मादी तुम्ही सगळ्यांनी पाव्हण्यांच्या पानात वाढलीत. खाडीत अंडी घालायला उरलं कोण? आणि मग म्हणता, हल्ली पिल्लूच मिळत नाही."

हिरामणशेठनी आजवर त्याचा दोष पाण्याला दिला होता, झालंच तर नशिबालाही दिला होता. आपल्या पंगतीकडे बोट वळेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. खरं बोललेलं झोंबतं, तसं ते झोंबलं. "मला शिकवतेस?" म्हणत ते तरातरा घरी गेले.

रविवारी सकाळी खांद्यावर पागाचं जाळं टाकून ते तळ्यावर पोचले, तर भाविका आधीच उभी. आता ही भांडणार, म्हणून त्यांनी छाती पुढे काढली. पण ती भांडलीच नाही. तिने आपलं मऊ हातजाळं पुढे केलं. "पाग नको, तिचे खवले निघतील. हे घ्या. तुमचा शब्द गेलेला मला चालणार नाही, बाबा." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं आणि ओढणी डोळ्यांना लावली.

ती भांडली असती तर शेठनी मासा नक्की काढला असता. त्यांनी हातजाळं बांधावर ठेवलं आणि स्कूटर काढली.

तळ्याच्या मालकाने बाजारात मासळी घ्यायची, म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. म्हणून शेठ तोंडाला रुमाल बांधून थेट वाशीला गेले आणि बरोबर सहा किलोचा जिताडा घेऊन आले. गोजराने कल्ले उचलून पाहिले. "अगो बाय! आपल्या तल्यात बर्फ कदी पडला?"

"तू कालवण कर," शेठ म्हणाले.

दुपारी विलास आणि मिथुन पानावर बसले. पहिल्याच घासाला विलासनी मान डोलावली. "वा, शेठ! म्हणजे ही आमच्या सूनबाईची पैदास! आता तुर्भ्यात सगळ्यांना सांगतो, भाविकाच्या जातीचा जिताडा खाल्ला म्हणून."

शेठनी नुसतं हसायचं होतं, काम फत्ते होतं. पण समोर भाविका डाव घेऊन खाली बघत उभी होती. पाच वर्षं राबली पोर, आणि तिच्या नावावर हे बर्फातलं खपवायचं? शेठना स्वतःचीच लाज वाटली.

"नाय," ते म्हणाले. "हा बाजारचा हाय. तोंड बांधून वाशीवरनं आनला. हिची मादी तल्यात हाय. ती पानात पडायची नाय. तुमच्या नाय, कुनाच्याच नाय. आता काय बोलायचं ते बोला."

गोजराने तोंडाला पदर लावला. विलासनी घास खाली ठेवला, मिथुनकडे पाहिलं आणि एकदम खदाखदा हसत सुटले. "अहो शेठ, तुर्भ्याला आमचं सगळंच बर्फातलं! तुमी बोलला नसता तर आमाला बापजन्मात कळलं नसतं."

टोपात अजून डोकं होतं. जिताड्याचं डोकं पाव्हण्यांमधल्या मानकऱ्याचं. भाविका ते घेऊन आली आणि विलासच्या पानापाशी थांबली. "काका, रागावणार नसाल तर हे बाबांना वाढू?"

"वाढ की! मला ते चोखता कुठं येतं?"

साठ वर्षांत हिरामणशेठना स्वतःच्या घरी जिताड्याचं डोकं कधी मिळालं नव्हतं. आज मिळालं तेही शिळं, चव बेताचीच. त्यांनी एकेक काटा चोखून साफ केला आणि मान वर न करता लेकीला म्हणाले, "पुनवेला मला हाक मार गो. अंडी मलाबी बघायचीत."