शकीलभाईंचं मटण आणि जास्मीनची फिल्म

पनवेलच्या मटण मार्केटात शकीलभाईंच्या दुकानाला तीस वर्षं झाली होती आणि तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मटण परत आणलेलं नव्हतं. हे ते कुणी न विचारताच सांगत. दोन हजार तेरा साली त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. त्यांची मुलगी जास्मीन तळोज्याच्या एका पॅकिंग कारखान्यात लॅबमध्ये होती आणि तिने मटण गुंडाळायची फिल्म बनवली होती. फिल्मला लवंगेच्या अर्काचा लेप. तो मटणाला टेकला की जंतू वाढत नाहीत, फ्रिजमध्ये मटण सहा दिवस टिकतं. खिमा घ्यायला आलेल्याला खिम्याआधी हे ऐकावं लागे.

चाचणीचं मटणही शकीलभाईंच्याच दुकानातून जायचं. लॅबमध्ये सगळं ठीक झालं, पण कारखान्यातल्या मशीनवर पॅक केलेलं मटण दोनदा चौथ्याच दिवशी वास मारू लागलं. जास्मीन घरी आली ती तोंड पाडूनच.

"अब्बा, आमचे साहेब, कृष्णकांत सर म्हणतात, मटणच खराब येतंय. आता शेवटची चाचणी. तीही फसली तर फिल्म बंद."

शकीलभाईंची कानशिलं तापली. फिल्म गेली तर पोरीची दोन वर्षांची मेहनत पाण्यात, आणि वर ठपका त्यांच्या मटणावर!

"उद्या मी येतो," ते म्हणाले.

"भांडायला?"

"बघायला."

दुसऱ्या दिवशी ते ताजं मटण घेऊन स्वतःच कारखान्यात हजर झाले. डोक्यावर कागदी टोपी, तोंडावर मास्क, सगळं निमूटपणे चढवून घेतलं. मशीनवर आनंदा होता, तळोज्याचाच. त्याने नवा रोल चढवला, तसे शकीलभाई पुढे झाले.

"याची सुलटी बाजू कुठली?"

"काका, प्लास्टिकला कसली बाजू? आमी बसंल तसा लावतो," आनंदा हसला.

शकीलभाई हसले नाहीत. त्यांच्या वडिलांच्या काळी मटण पळसाच्या पानात बांधून देत. पानाची गुळगुळीत बाजू आत, खरखरीत बाहेर. लहानपणी पान उलटं लावलं म्हणून त्यांनी टपली खाल्ली होती. त्यांनी फिल्मची कड दोन बोटांत धरली. एक बाजू सरसर घसरत होती, दुसरी बोटाला किंचित अडत होती. आणि अडणारी बाजू बाहेर होती.

"जास्मीन, तुझा लेप कुठल्या बाजूला?"

तिने बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. अडणारी बाजूच लेपाची होती. लॅबमध्ये प्रत्येक पाकीट ती स्वतः बांधायची. बाजू तिला ठाऊक होती, म्हणून रोलवर खूण करायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या दोन्ही वेळी लेप बाहेरच्या हवेला लागला होता आणि मटण आत आपल्या नशिबावर होतं.

तेवढ्यात कृष्णकांत साहेब आले. "काय झालं? मटणाचं काही कळलं?"

तीस वर्षांत पहिल्यांदाच शकीलभाईंना आपल्या मटणाची बाजू घ्यावीशी वाटेना. मटण चांगलं होतं म्हटलं की ठपका पोरीवर येणार होता. आनंदाने रोल चुकीचा लावला असं म्हणून पोरगी सुटली असती आणि आनंदाला ते खोडताही आलं नसतं.

"सर, मटण चांगलं होतं," जास्मीन म्हणाली. "आनंदाचीही चूक नाही. लेपाची बाजू मी रोलवर लिहिली नव्हती. चूक माझी आहे."

साहेबांनी तिला सर्वांसमोर चांगलंच फैलावर घेतलं. शकीलभाई शेजारी उभे राहून ऐकत होते, आणि मास्कच्या आत त्यांना हसू आवरत नव्हतं.

रोल फिरवला. पाकिटं सातव्या दिवशी उघडली, तेव्हा मटणाला कसलाही वास नव्हता, लॅबचा आकडाही चांगला आला. फिल्म चालू राहिली.

त्या आठवड्यात मार्केटात येणाऱ्या प्रत्येकाला शकीलभाईंनी हा किस्सा ऐकवला. सहा दिवसांचं एका वाक्यात उरकायचे. जास्मीन कुठे चुकली आणि साहेबासमोर काय म्हणाली, हे मात्र शब्दन् शब्द सांगायचे. शेवटी त्यांची बायको फहमिदा वैतागली.

"जास्मीनचे अब्बा, पोरीची चूक कुणी असं गावभर सांगतं का?"

"चूक कुठे सांगतोय?" शकीलभाई सुरीला धार लावत म्हणाले. "तिच्या वयात मी असतो ना, तर आनंदाचं नाव घेतलं असतं."