चष्मेवाला दिसेनासा होतो

'मीपणा सोडा' या विषयावरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ चष्मेवाल्याने सोमवारी सकाळी सहाला टाकला, आणि सव्वासहापर्यंत तो किती जणांनी पाहिला हे सात वेळा पाहून घेतलं. तीन. दुपारी जेवताना डाव्या हाताने फोन उघडून पुन्हा पाहिलं. तीनच. त्यातली एक बायको, एक त्याला पेटीवर साथ करणारे दातांचे डॉक्टर, आणि तिसरा तो स्वतः, दुकानातल्या दुसऱ्या फोनवरून.

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत चारशे-पाचशे माणसं सहज ऐकायची. त्याच्या गळ्यात काही जादू होती अशातला भाग नाही. आवाज बरा, पाठांतर चांगलं, आणि गोष्ट सांगता सांगता डोळ्यांत पाणी आणायची हातोटी, बहुतेक वेळा स्वतःच्याच. पण लोक ऐकत होते हे खरं. मग एकाएकी कोणीतरी पडदा ओढावा तसं सगळं बंद. सूचना नाही, ताकीद नाही, कारण नाही. अकाउंट जागेवर, फोटो जागेवर, माणूस तेवढा गायब. लोकांना नीट दिसावं म्हणून तीस वर्षं खपलेला माणूस स्वतःच दिसेनासा झाला होता. हा विनोद त्याला आपला आपणच सुचला आणि इतका आवडला, की त्याने त्याचाही व्हिडिओ केला. तोही तिघांनी पाहिला.

एरवी त्याने सोडून दिलं असतं. निदान सोडून दिलं असं सगळ्यांना सांगितलं असतं. पण शनिवार अंगावर आला होता.

रस्त्याच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी सहाला कीर्तन व्हायचं. एकोणीस वर्षं त्याच्या गुरुजींनी ते केलं. अखेरच्या दुखण्यात त्यांनी आपले टाळ त्याच्या हातात ठेवले आणि एवढंच म्हणाले, "बाबा रे, शनिवार मोडू नकोस." गुरुजींच्या वेळी खुर्च्या कमी पडायच्या. याच्या वेळी खुर्च्या कमी पडत नव्हत्या. सभागृहाच्या सेक्रेटरीणबाई सरळ स्वभावाच्या, गेल्या आठवड्यात त्यांनी तोंडावर सांगितलं, "या शनिवारी चाळीस माणसं बसली तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून शनिवार व्यायामवर्गाला. ते सत्तर जण आहेत, आणि त्यांना खुर्च्याही लागत नाहीत."

तेव्हापासून तो रोज आमंत्रणाचा व्हिडिओ टाकत होता आणि रोज त्याच तिघांना आमंत्रण जात होतं.

"कोणीतरी माझ्यावर डूख धरलाय," तो बायकोला म्हणाला.

बायको बटाटे सोलत होती. "डूख धरायला तुम्ही कोणाला दिसायला नको का?"

"तू तरी पूर्ण बघतेस ना?"

"सुरुवात बघते. शेवट घरातच ऐकू येतो, पुढच्या खोलीतून."

सोमवारी संध्याकाळी भाची दुकानात आली, चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करून घ्यायला. ती एका कचेरीत कंपन्यांची सोशल मीडियावरची अकाउंटं सांभाळायची. मामाचं रडगाणं तिने दोन मिनिटं ऐकलं आणि हात पुढे केला. "आणा इकडे फोन."

तो बारीक पेचकसाने स्क्रू पिळत राहिला, ती बोटाने फोन वर वर सरकवत राहिली. मग तिचं बोट थांबलं.

"मामा, हे तुम्ही रोज करता?"

"काय गं?"

"पहाटे पाच ते सहा. तीनशे बारा लोकांच्या पोस्टखाली एकच मजकूर. 'आपला आजचा दिवस आनंदाचा जावो, देव आपलं भलं करो.' आणि पुढे जोडलेले हात. चार वेळा."

चष्मेवाल्याचा चेहरा उजळला. हे कोणाच्या तरी लक्षात यावं अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. "नित्यनेम आहे माझा," तो शक्य तितक्या नम्रपणे म्हणाला. नम्रपणे बोलताना त्याचा आवाज नेहमी एक पट्टी वर चढायचा. "एकही दिवस चुकवलेला नाही. तापातसुद्धा नाही."

"तिथेच घोटाळा झालाय. माणूस कधीतरी चुकतो, कंटाळतो, झोपून राहतो. तुम्ही चुकत नाही. मशीनला वाटलं, हेही मशीनच आहे. मग ते व्हिडिओ झाकून टाकतात, गुपचूप, कॉमेंटी तेवढ्या दिसत राहतात. तुम्हाला सांगतसुद्धा नाहीत."

"अगं, पण मी मनापासून करतो!"

"मनापासून? कॉपी-पेस्ट?"

त्याने स्क्रू आणखी अर्धा फेरा पिळला.

"बघा ना," भाची म्हणाली. "इथे एका बाईंनी जुना फ्रिज विकायला काढलाय. देव फ्रिजचं भलं करो. इथे कोणाचं तरी मांजर हरवलंय, त्याचाही दिवस आनंदाचा. आणि इथे..." तिने फोन त्याच्यासमोर धरला.

सायकलदुरुस्तीवाल्याची पोस्ट होती. दोन महिन्यांपूर्वीची. वडील गेले, एवढे दोनच शब्द आणि एका म्हाताऱ्या माणसाचा हसरा फोटो. खाली पहिलीच कॉमेंट, पहाटे पाच वाजून चार मिनिटांनी: 'आपला आजचा दिवस आनंदाचा जावो.' पुढे जोडलेले हात. चार वेळा.

चष्मेवाल्याने नाकावरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. मजकूर तोच होता. तो ज्या देवाच्या नावाने रोज पहाटे उठायचा, त्याने वरून हे वाचलं असेल, या विचाराने त्याच्या कानशिलांना घाम आला. लोकांना दृष्टी देणारा आपण, आणि तीनशे बारा दारांवर टकटक करून एकाही घरात डोकावून पाहिलं नाही. मशीनने आपल्याला ओळखण्यात चूक केलीच कुठे?

"आता काय करू?"

"थांबा. दोन आठवडे एकही कॉमेंट टाकायची नाही. मग कदाचित उघडतील."

"शनिवार पाच दिवसांवर आहे गं!"

"मग जुन्या पद्धतीने लोकांना सांगा, मामा. तोंडाने."

तोंडाने सांगायचं म्हणजे सायकलवाल्यालाही सांगणं आलं, आणि त्याच्या दुकानासमोरून जायची आता हिंमत नव्हती. त्याऐवजी मंगळवारी त्याने एक शक्कल काढली, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दातांच्या डॉक्टरांना बोलावून दाखवली. डोळे तपासायच्या खोलीतला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उतरवून त्याने नवा लिहून लावला होता. सगळ्यात वर मोठ्ठ्या अक्षरांत 'शनिवारी'. त्याखाली थोडं लहान, 'सहा वाजता'. त्याखाली आणखी लहान, 'सभागृहात'. त्याखाली 'अवश्य यावे'. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पायाएवढं, 'कीर्तन'.

"जो डोळे तपासायला बसेल त्याला वाचावंच लागेल," तो म्हणाला. "मोठ्याने."

डॉक्टर पुढे वाकले. "शेवटचं काय लिहिलंय?"

"कीर्तन."

"मग ते मोठं लिहा की, मालक! बाकी नुसता पत्ता झाला."

"नको. कीर्तन मी करणार, आणि तेच मोठं लिहायचं? मोठेपणा दिसतो."

डॉक्टरांनी त्याच्याकडे, किडलेल्या दाढेकडे बघावं तसं बघितलं.

त्या आठवड्यात तेवीस गिऱ्हाइकं तपासायला बसली. सगळी 'अवश्य यावे'पर्यंत ठणठणीत वाचत गेली आणि शेवटच्या ओळीला अडखळली. अडखळायचीच, त्यासाठीच तर ती आली होती. चष्मेवाला अंधारात स्मित करत भिंगं बदलत राहिला. पहाटे पाचला मात्र त्याची बोटं शिवशिवायची. फोन उशीखाली ठेवून, हातांवर हात दाबून तो नुसता बसून राहायचा. तीनशे बारा माणसं आज आशीर्वादाविना कामाला जाणार, आणि जबाबदार आपण! बायको कूस बदलून म्हणायची, "जग चालतंय का बघा बरं खिडकीतून." जग चालत असायचं. तेही जरा लागायचंच.

शनिवारी सहाला सभागृहात सहा माणसं होती: बायको, भाची, पेटीवर डॉक्टर, दारात वही घेऊन सेक्रेटरीणबाई, पावसाळी छत्री विसरलेला एकजण, आणि ती शोधायला मदत करणारा दुसरा. मागच्या छोट्या खोलीत चष्मेवाल्याने गुरुजींचे टाळ कपाळाला लावले. "गुरुजी, शनिवार मोडला," तो पुटपुटला. "आणि तोही मीपणा सोडा म्हणत म्हणत."

इतक्यात बाहेर पावलं वाजली. मग आणखी. भाची दारात उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत माणसं येऊ लागली. हळू आवाजात बोलणारी, चपला सावकाश काढणारी, मान खाली घालून बसणारी. दोघा-तिघांच्या हातात पांढरी फुलं होती. एक बाई डोळ्यांना रुमाल लावून तिच्याजवळ आल्या.

"फार वाईट झालं हो. आजारी होते का?"

"कोण?"

"चष्मेवाले. मंगळवारपासून आशीर्वाद आला नाही त्यांचा. मी फ्रिज विकायला काढला होता ना, तेव्हासुद्धा आला होता. कोणीतरी लिहिलं, काका दिसत नाहीत, कोणाला काही कळलंय का? तर एकाने सांगितलं, त्याच्या भावाने दुकानातच पाटी वाचलीय, शनिवारी सहा वाजता सभागृहात अवश्य यावे. खाली बारीक काहीतरी होतं म्हणे, त्याला वाचता आलं नाही. मग काय, समजलोच आम्ही. किती जणांनी पुढे पाठवलं ते!"

भाचीने फोन काढून पाहिला. चष्मेवाल्याच्या जाण्याची बातमी दोन हजारांवर लोकांनी वाचली होती. जिवंतपणी त्याच्या वाट्याला तीन आले होते.

तिने मामाला सावध करायला पाऊल उचललं, पण तेवढ्यात डॉक्टरांनी सवयीने पेटीचा सूर धरला आणि पडद्यामागून टाळ वाजवत चष्मेवाला व्यासपीठावर आला.

कोणाच्या तरी हातातली फुलं खाली पडली. मागून एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "अरे, हे तर आहेत!"

भाचीने धावत जाऊन त्याच्या कानात सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचे टाळ हातात तसेच लोंबत होते. आठवडाभर घोटलेलं 'मीपणा'चं निरूपण कुठल्या कुठे पळालं.

"मंडळी," तो म्हणाला, "मी आहे. माफ करा."

अकरा जण उठून गेले. त्यांचंही चूक नव्हतं. कामं टाकून आले होते. बाकीचे बसून राहिले, बहुधा पुढे काय होतं या उत्सुकतेने. पहिल्या रांगेतून सायकलवाला उठला. त्याच्याही हातात फुलं होती.

"काका, माझे वडील गेले तेव्हा तुम्ही लिहिलं होतंत, दिवस आनंदाचा जावो."

"हो," चष्मेवाला म्हणाला. ते 'हो' जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत पोचलं.

"आज सकाळी तुमची बातमी कळली. त्या बातमीखाली मीही तेच लिहून आलोय. हात चार वेळा."

क्षणभर कोणाला कळेना हसावं की काय करावं. मग आधी चष्मेवालाच हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले, आणि या वेळी ते गोष्टीसाठी भरले नव्हते. तो व्यासपीठावरून खाली उतरला, सायकलवाल्यासमोर उभा राहिला.

"मी वाचलं नव्हतं रे बाबा," तो म्हणाला. "तीनशे बारा लोकांना आशीर्वाद देत होतो, आणि वाचत एकालाही नव्हतो. वडिलांचं नाव काय तुझ्या?"

सायकलवाल्याने नाव सांगितलं. मग वडील काय करायचे ते सांगितलं, चाक हातात धरून नुसतं फिरवूनच त्यातली खोट कशी ओळखायचे तेही सांगितलं. चष्मेवाला ऐकत राहिला. एकोणीस मिनिटं, सेक्रेटरीणबाईंच्या घड्याळाने. मग तो वर गेला आणि त्या दिवशीचं कीर्तन त्याने त्या चाकावर केलं. बेसूर झालं. दोनदा ओळ विसरला. डॉक्टरांना पट्टी तीनदा बदलावी लागली. कोणी उठलं नाही.

शेवटी सेक्रेटरीणबाई वही घेऊन आल्या. "पंचेचाळीस, उठून गेलेले अकरा सोडून," त्या म्हणाल्या. "पण ही माणसं तुम्ही गेलात म्हणून आली होती. असली मोजणी मी धरत नाही."

चष्मेवाल्याचा चेहरा पडला.

"मात्र तुम्ही आहात हे कळूनही बसून राहिली," त्या वही मिटत म्हणाल्या, "ती धरते. शनिवार तुमचा. आणि ती पाटी बदला. मलासुद्धा वाचता आली नव्हती."

रविवारी पहाटे पाचला तो उठला. फोन घेतला, आणि वहीच्या पाठकोऱ्या पानावर आधी कच्चं लिहून पाहिलं. सायकलवाल्याला एकच कॉमेंट, वडिलांच्या नावासकट. अर्धा तास लागला. भाचीने घातलेली दोन आठवड्यांची अट मोडली, हे त्याला ठाऊक होतं. मशीनला काय वाटायचं ते वाटू दे. मग कालच्या कीर्तनाचा, डॉक्टरांनी पेटीवर फोन टेकवून चोरून काढलेला व्हिडिओ टाकला, फोन पालथा ठेवला आणि किती जणांनी पाहिलं हे मुळीच पाहिलं नाही.

दुकान उघडेपर्यंत तरी.