इंजिन बंद ठेवून बघितलेलं तेल

पी : गाडी उभी

सिकिरू मेस्त्रीने ऑटोमॅटिक टॅक्सीच्या गिअरच्या तेलाची काडी ओढली, फडक्याला पुसली, आत सारली, परत ओढली. लाल तेल वरच्या खुणेला टेकलेलं.

"तेल भरलेलं आहे," तो म्हणाला. "म्हणजे गिअरबॉक्सच गेला. बाईचा पाय, दुसरं काय! ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबत असणार."

हे तो लासिसीला सांगत होता. गाडी चालवणारी त्याची भावजय अबोसेडे शेजारीच उभी होती. मोकोलाच्या चढावर गाडी नुसती गुरगुरली, वर चढेना, हे तिने पाहिलेलं. पण तिला विचारतो कोण?

लासिसीने तळहात पुढे केला. "किल्ली दे, नवरीबाई. उद्यापासून मी दुसरा ड्रायव्हर बसवतो."

नवरीबाई! केस पिकायला आले, नवरा मातीत गेला, तरी सासरी ती नवरीच. लासिसी तिच्यापेक्षा लहान, पण ती त्या घरात यायच्या आधी तिथे जन्मलेला, म्हणून मोठा. तिने म्हणायचं 'भाऊजी, तुम्ही'. त्याने म्हणायचं 'तू'. इबादानमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. टॅक्सी दोघांच्या पैशांची, स्टिअरिंग मात्र तिचं. ते गेलं की पुन्हा नणंदेच्या शेगडीवर मक्याची कणसं भाजायची, आणि खर्चाला तिच्यापुढे हात पसरायचा.

आर : मागे

पेट्रोलची टंचाई लागली तेव्हापासून सगळं शहर इंजिन बंद करायला शिकलं. रांगेत बंद, सिग्नलला बंद, उतारावरसुद्धा बंद. तेल बघायला तिला याच सिकिरूने शिकवलं होतं. "आधी इंजिन बंद कर, मग काडी ओढ. उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?"

तिने रोज तसंच बघितलं. रोज तेल भरलेलं.

पी, अजून

तिने काडी त्याच्या हातातून हिसकावली आणि कमरेच्या कापडाच्या टोकाने खसाखसा घासली. काळ्या थराखालून कोरलेली अक्षरं वर आली.

"वाचा, मेस्त्री. मोठ्याने."

"इंजिन... चालू ठेवून... गरम असताना बघावे." सिकिरू हसला. "हे कंपनीवाले लिहितात गं. त्यांच्याकडे पेट्रोल आहे!"

"इंजिन बंद केलं की गिअरमध्ये वर फिरणारं तेल खाली उतरणार नाही का? मग काडी भरलेलीच दाखवणार! आणि तेवढ्यावर माझा पाय वाईट?"

"नवरीबाई, आवाज खाली," लासिसी म्हणाला.

एन : ना पुढे, ना मागे

तिने इंजिन चालू केलं.

"अगं, पेट्रोल—"

"माझ्या टाकीतलं आहे, भाऊजी. जळू दे."

पी, आर, एन, डी, आणि परत पी

इंजिन नीट गरम झाल्यावर तिने ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक घरातून सावकाश फिरवला. इंजिन चालूच ठेवून उतरली. काडी ओढली, पुसली, घातली, ओढली.

कोरडी. टोकाला तेवढा लाल ठिपका.

सिकिरू गाडीखाली शिरला. "पाइपाचा जोड गळतोय," खालून आवाज आला. "मी म्हणतच होतो, तेलाचंच काहीतरी आहे."

"म्हणत होतात?"

"बरं झालं आम्ही वेळेवर बघितलं," लासिसी म्हणाला.

आम्ही! पाय वाईट होता तेव्हा तो तिचा. काडी कोरडी निघाली तेव्हा 'आम्ही'.

डी : चल

जोड आवळला, तेल भरलं, इंजिन चालू ठेवूनच मापलं. ती आत बसली. लासिसीने पुढचं दार उघडलं, नेहमीसारखं, मालकाच्या ऐटीत.

"पुढे गिऱ्हाईक बसतं. तू मागे बस, लासिसी."

सिकिरूच्या हातातला पाना थांबला.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस ना?"

तो दार धरून उभा राहिला. त्याला वाटलं, आता ही जीभ चावेल, भाऊजी म्हणेल, माफी मागेल. तिने ब्रेक सोडला. गाडी तत्काळ हलली. दार सोडायच्या आधी त्याला दोन-चार पावलं तिच्याबरोबर पळावं लागलं.