काजूला वैरी समजणाऱ्या पेशीची कैफियत

मी शिफाच्या घशातली मास्ट पेशी बोलतेय. नाव ऐकलं नसेल. बाहेरचा कुणी आत शिरला की आरोळी ठोकायची, एवढंच माझं काम. पण गेल्या महिन्यात कोल्हापूरपासून मलकापूरपर्यंत माझी बदनामी झाली, म्हणून एकदाचं बोलून टाकते.

माझा जन्म शिफाच्या हाडांतल्या मज्जेत झाला. तिथून रक्तातून वाहत घशाच्या अस्तरात आले आणि इथेच राहिले. माझ्या पोटात हिस्टामिनच्या शेकडो पुड्या आहेत. त्या फुटल्या की सूज येते, खाज सुटते. जंतांसारखा खरा शत्रू आला तर त्याचा उपयोग होतो. पण खरा शत्रू येतो कुठे? शिफा पाणीसुद्धा उकळून पिते.

ती अकरावीत असताना ईदचा शीरखुर्मा प्यायली. त्यातल्या काजूत काय खुपलं कुणास ठाऊक, आमच्या वरच्या मंडळींनी त्याला शत्रू ठरवलं. त्याला ओळखणारी प्रतिपिंडं बनवली आणि माझ्या अंगभर रोवली. मला कुणी विचारलं नाही. पुढच्या खेपेला काजू कतलीचा तुकडा आला, त्या प्रतिपिंडांना चिकटला आणि माझ्या पुड्या फुटल्या. शिफाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी बजावलं, काजूचा कणही नको. जवळ बाळगायला इंजेक्शनही दिलं.

इतकं सोपं. पण माणसांना सोपं पेलत नाही. 'थोडा थोडा खाल्ला की सवय होईल', 'तुपात भाजला तर चालतोय', हे ऐकून ऐकून मी वैतागले.

पुढे शिफाची सोयरीक मलकापूरच्या शहजादशी जुळत आली. तिची अम्मी खैरुनबी हिने घरात ताकीद दिली.

"तिकडं काजूचं नाव कुणी काढायचं न्हाय. पोरीत खोट हाय म्हणतील."

इंजेक्शनचा डबाही पाहुण्यांना दिसू नये म्हणून घरीच ठेवला. खैरुनबीची स्वतःची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. तिच्या शरीरातले पहारेकरी तिच्याच सांध्यांवर चालून गेलेत. मी निदान परक्यावर तरी भुंकते. ती बोटंही त्या दिवशी तिने ओढणीखाली झाकली होती.

मलकापुरात मटणाचं जेवण होतं, तांबडा आणि पांढरा रस्सा. आमच्या भागात पांढरा रस्सा नको म्हणणं म्हणजे सोयरीकच नको म्हणणं. शिफाने वाटी बाजूला सारली, तशी शहजादची आई म्हणाली, "पी की बाई. रस्स्याला न्हाय म्हणत्यात व्हय?"

शिफाने अम्मीकडे पाहिलं. खैरुनबी तिच्या कानाशी पुटपुटली, "वरचं वरचं पातळ पी. काजू तळाला बसलेला असतोय."

तळाला! अहो, काजू वाटून घालतात त्या रस्स्यात. घोटाघोटाला असतो. पंचवीस वर्षं स्वतः हा रस्सा रांधणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण लेकीचं लग्न जमवण्याच्या घाईत तिला ते आठवायचं नव्हतं.

शिफा दोन घोट प्यायली. मी ओरडले, मला दुसरं काही येतच नाही. माझ्याबरोबर शेजारच्या हजारो पेशींच्या पुड्या फुटल्या. घसा सुजला, आवाज बसला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मी तिचा जीव घ्यायला निघाले होते आणि समजत होते की तिला वाचवतेय. याची मला अजून शरम वाटते.

"काय झालं पोरीला?" शहजादच्या आईने विचारलं.

"ठसका लागलाय," खैरुनबी म्हणाली.

शेवटी शिफाचे अब्बा शमशुद्दीन ताटावरून उठले. "काजू चालत न्हाय तिला. दवाखाना कुठं हाय?"

शहजादने गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या मांडीत अॅड्रेनालिन टोचलं. हळूहळू श्वासाची वाट मोकळी झाली. अजून थोडा उशीर झाला असता, तर ही कैफियत सांगायला मीही उरले नसते.

दोन तासांनी शहजादची आई खाटेशी येऊन उभी राहिली.

"आधी सांगायला काय झालतं?" तिने खैरुनबीला विचारलं.

"तुम्ही न्हाय म्हटला असता," खैरुनबी खाली बघत म्हणाली.

तेवढ्यात शिफाच उठून बसली. घसा अजून सुजलेला होता. एकेक शब्द माझ्या अंगावरून खरडत गेला.

"मला काजूचा कण चालत न्हाय. जीव जातोय माझा. सून करायची असंल तर हे धरून करा, न्हाईतर नको."

मग शहजादच्या आईने तिच्या पायांवरची चादर नीट केली.

"धरून केली," ती म्हणाली.

आता तुम्हाला एवढंच सांगते. पंक्तीत कुणी वाटी बाजूला सारली, तर आधी का म्हणून विचारा, आग्रह नंतर करा. काजू आणि विष यांतला फरक मला कळत नाही, तुम्हाला कळतो. मी सुधारेन म्हणून वाट बघत बसू नका. मी सुधारणारी नाही.